परत आणलेलें आणि परत आलेलें

गेलेली वस्तु परत आणली म्हणजे ती परत आली, असें आपण व्यवहारांत सहज धरून चालतों. चोरीस गेलेला दागिना पोलिसांकडून मिळाला, पुरांत वाहून गेलेलें भांडें खालच्या गांवीं सांपडलें, तर त्या वस्तूच्या परत येण्याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. परंतु ज्या यंत्रावांचून हल्लीं लहानशा दुकानाचेंहि पान हालत नाहीं, त्या संगणकानें ह्या सरळ समजुतीस एक विलक्षण अपवाद दाखवून दिला आहे. हा अपवाद केवळ कारागिराच्या विचाराचा नसून नीतीच्या अभ्यासकानेंहि थोडा वेळ थांबून पाहावा अशा योग्यतेचा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रसंग असा असतो. संगणकाची हार्ड डिस्क एक दिवस दगा देते. मालक सावध असल्यामुळें त्यानें सगळ्या मजकुराचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेविलेला असतो. तो नवी डिस्क आणतो आणि बॅकअप तिच्यावर उतरवितो. हें काम कांहीं तास चालतें. शेवटीं तें पूर्ण झाल्याचा संदेश येतो. एकहि चूक नोंदलेली नसते. फाइलींची संख्या जुळते, आकार जुळतात. मग तो यंत्र बंद करून पुन्हां सुरू करितो, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटते, कीं बूट करण्याजोगी डिस्क सांपडली नाहीं. पत्रें, हिशेब, मुलांचीं छायाचित्रें, अर्धवट राहिलेला प्रबंध, सगळें त्या डिस्कवर जसेंच्या तसें आहे. यंत्र तेवढें जागें होत नाहीं.

आतां येथें परत काय आलें आणि काय आलें नाहीं? मालकास विचारा, तो म्हणेल, सगळें गेलें. ज्या प्रोग्रामानें प्रत उतरविली त्याच्या नोंदी पाहा, तेथें लिहिलेलें असेल कीं कांहींएक गेलें नाहीं. दोघेहि खोटें बोलत नाहींत. तेव्हां ‘परत मिळणें’ ह्या एकाच शब्दानें आपण दोन निरनिराळ्या गोष्टी बोलत असतों, असा संशय घेण्यास जागा आहे. तो संशय फेडावयाचा तर बटण दाबल्यापासून पहिल्या कांहीं क्षणांत यंत्राच्या पोटांत काय घडतें हें बारकाईनें पाहिलें पाहिजे. तत्त्वज्ञानाच्या वाचकास हा भाग रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यास रथाचा दृष्टांत आवडतो त्यानें चाकाचे आरे मोजण्याचा कंटाळा करूं नये.

संगणक सुरू होतांना प्रथम डिस्ककडे वळत नाहीं. त्याच्या मदरबोर्डावर एक लहानशी चिप असते व तींत एक छोटासा प्रोग्राम कायमचा बसविलेला असतो. त्यास फर्मवेअर म्हणतात. त्याचा जुना प्रकार बायोस, नवा यूईएफआय. वीज आली कीं प्रथम हा जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क वगैरे मंडळी हजर आहेत कीं नाहींत हें पाहतो, आणि मग पुढच्यास हांक मारतो. जुन्या रीतींत ही हांक डिस्कच्या अगदीं पहिल्या कप्प्यास असे. हा कप्पा अवघा ५१२ बाइटांचा. त्यांतील ४४६ बाइट आरंभाच्या आज्ञांसाठीं, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठीं, आणि शेवटचे २ बाइट खूण पटविण्यासाठीं. ह्या आरंभाच्या आज्ञा कोणत्याहि फाइलींत नसतात; म्हणून जो केवळ फाइलींची प्रत घेतो त्याच्या हातीं त्या लागत नाहींत. घरांतील प्रत्येक खोलीच्या सामानाची यादी करणारा मनुष्य उंबऱ्याची नोंद करीत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

नव्या रीतींत आरंभाचा प्रोग्राम एका लहान, वेगळ्या विभागांत फाइलीच्या रूपानेंच राहतो, ही सुधारणा खरी. परंतु अमुक विभागांतील अमुक फाइल प्रथम उघडावी, ही सूचना मदरबोर्डाच्या स्वतःच्या स्मृतींत लिहिलेली असते. ती डिस्कवर नाहींच. त्यामुळें एखाद्यानें फाइलींवर न थांबतां सबंध डिस्कची बाइटगणिक प्रत काढली आणि ती दुसऱ्या यंत्रांत बसविली, तरी ही सूचना त्या प्रतीबरोबर प्रवास करीत नाहीं. ठराविक जागीं ठराविक नांवाची फाइल सांपडल्यास यंत्र पुष्कळदां तेवढ्यावर काम भागवितें. न सांपडल्यास थांबतें.

ह्याहून विचार करण्याजोगा प्रकार नांवाचा आहे. लिनक्स प्रणालीच्या यंत्रांत डिस्कचा विभाग फॉरमॅट करतांना त्यास एक ओळखक्रमांक दिला जातो. हा क्रमांक १२८ बिटांचा, लिहून काढल्यास मधल्या आडव्या रेघा धरून ३६ अक्षरांचा, आणि जगांतील दुसऱ्या कोणत्याहि विभागास तो मिळूं नये अशा हेतूनेंच निवडलेला असतो. ज्या विभागांत आपलें सर्वस्व आहे तो कोणता, हें प्रणाली आपल्या कागदपत्रांत ह्याच क्रमांकानें लिहून ठेविते. आतां नवी डिस्क आणून ती फॉरमॅट केली म्हणजे तिच्या विभागास नवा क्रमांक मिळाला. आणि तिच्यावर बॅकअपमधील फाइली उतरविल्या म्हणजे त्या फाइलींत जुनाच क्रमांक आला. यंत्र त्या जुन्या क्रमांकाचा विभाग शोधूं लागतें. तो विभाग भंगारांत गेलेला असतो. पुष्कळ यंत्रें अशा वेळीं दीड मिनिट वाट पाहतात आणि मग शोध सोडून देतात. ज्याचा शोध चालला आहे तें सगळें त्या वेळीं त्यांच्या पुढ्यांतच असतें, पण निराळ्या नांवानें.

विंडोजच्या यंत्रांत तपशील निराळा, पण जात तीच. डिस्कशीं बोलण्याची रीत फर्मवेअरमध्यें बदलली असेल, किंवा नव्या यंत्राच्या डिस्कशीं बोलणारा ड्रायव्हर जुन्या प्रतींत आरंभींच हाताशीं नसेल, तर निळ्या पडद्यावर संदेश येतो कीं बूट डिस्कपर्यंत पोंचतां येत नाहीं. ज्या डिस्कवरून हा संदेश देणारा प्रोग्राम नुकताच वाचून घेतला, तिच्याचविषयींची ही तक्रार असते!

ओळखक्रमांकाच्या प्रकारांत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. तेथें प्रत अपुरी होती म्हणून यंत्र अडलें नाहीं. प्रत तंतोतंत होती म्हणून अडलें. प्रत घेणाऱ्यानें एखादें अक्षर गाळलें असतें तर त्यास दोष देतां आला असता. त्यानें कांहींच गाळलें नाहीं. जुन्या घराचा पत्तासुद्धां जसाच्या तसा उतरविला. ज्या जगांत ती प्रत घेतली गेली तें जग मध्यंतरीं बदललें, आणि प्रतीस तें कळण्याचा मार्ग नव्हता. इमानास इमान राहूनहि निरुपयोगी कसें व्हावें लागतें, ह्याचें इतकें स्वच्छ उदाहरण मानवी व्यवहारांतहि क्वचित् सांपडेल.

मिलिंदपञ्ह ह्या पालि ग्रंथांत नागसेन भिक्षु यवन राजा मिलिंद ह्यास रथाच्या एकेका अवयवाविषयीं विचारतो कीं हाच रथ आहे काय, आणि राजास प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें; अवयवांची बेरीज हाहि रथ नव्हे असेंच त्यास कबूल करावें लागतें. आमचा संगणक ह्या दृष्टांताच्या एक पाऊल पुढें जातो. येथें अवयव सुटे पडलेले नाहींत. प्रत्येक अवयव आपल्या जागीं, इतर अवयवांशीं पूर्वींच्याच संबंधानें बसलेला आहे. बिघडला आहे तो बाहेरचा संबंध. रथ सज्ज आहे. पण सारथ्यास तो कोणत्या रथशाळेंत उभा आहे हें ठाऊक नाहीं. वस्तूचें वस्तुपण तिच्या अवयवांत नसून त्यांच्या रचनेंत आहे, एवढेंच म्हणून भागत नाहीं; तें कांहीं अंशीं तिला हांक मारणाऱ्याच्या स्मृतींतहि असतें, असें म्हणावें लागतें.

‘बूट’ ह्या शब्दाचा इतिहासहि येथें उपयोगी पडतो. पायांतील उंच बूट ओढून चढविण्यासाठीं त्यास मागें जो पट्टा असतो त्यास इंग्रजींत बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि आपल्याच बुटांचे पट्टे धरून आपणांस वर उचलणें ही तिकडे अशक्य गोष्टीची उपमा होती. संगणक आपला प्रोग्राम आपणच चढवितो, म्हणून विनोदानें हा शब्द त्यास लागला, आणि पुढें विनोद विसरला जाऊन नुसता शब्द उरला. आपल्याकडे शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत ह्याच जातीचा दृष्टांत दिला आहे: नट कितीहि तरबेज झाला तरी त्यास स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं. संगणकासहि तें येत नाहीं. आधीं फर्मवेअर उभें असतें, त्याच्या खांद्यावर आरंभाचा प्रोग्राम चढतो, त्याच्या खांद्यावर प्रणाली. ज्याचा बॅकअप घेतला जातो तो वरच्या खांद्यावरचा. सर्वांत खालच्याची आठवण कोणास होत नाहीं, कारण तो आपला आहे असें कोणास वाटत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं हा सगळा शब्दांचा खेळ आहे. मजकूर सुरक्षित आहे ना, मग यंत्र आज ना उद्यां सुरू होईल. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि त्याचा विचार करतांना आम्हांस यास्काच्या निरुक्तांतील एक जुना वाद आठवतो. कौत्स नांवाच्या आचार्याचें मत तेथें पूर्वपक्ष म्हणून आलें आहे कीं मंत्रांस अर्थच नाहीं. मंत्रांच्या अक्षरांचें रक्षण करण्यासाठीं वैदिकांनीं जी व्यवस्था केली ती पाहिली म्हणजे हा पूर्वपक्ष निघणें अपरिहार्यच होतें असें वाटतें. संहितेचीं पदें सुटीं करून म्हणावयाचीं तो पदपाठ. दोन दोन पदें सांखळीसारखीं जोडीत जावयाचें तो क्रमपाठ. तींच सुलट, उलट आणि पुन्हां सुलट म्हणावयाचीं ती जटा. आणि त्यांत तिसरें पद मिसळून पुढें मागें फिरावयाचें तो घनपाठ. एक पद इकडचें तिकडे झालें तर तें दुसऱ्या पाठांत उघडें पडावें, अशी ही योजना आहे. फाइलींतील सगळ्या अक्षरांवरून एक आंकडा काढून तो मूळच्या आंकड्याशीं ताडून पाहण्याची जी रीत संगणकांत आहे, जीस चेकसम म्हणतात, तिचा आणि घनपाठाचा हेतु एकच. दोहोंनींहि सिद्ध होतें तें इतकेंच कीं अक्षर हाललेलें नाहीं. अक्षर न हालतां अर्थ हातचा जाऊं शकतो, हें दोहोंपैकीं कोणासहि सांगतां येत नाहीं.

यास्कानें कौत्साचें खंडन केलें, आणि अर्थ न जाणतां वेद पाठ करणारा हा नुसतें ओझें वाहणारा, असें सांगणारें वचनहि दिलें. आम्ही मात्र ह्या बाबतींत यास्काच्या बाजूस सर्वस्वीं जाऊं इच्छीत नाहीं. त्या भारवाह्यांनीं ओझें वाहिलें नसतें तर यास्कास निर्वचन करावयास शब्द कोठून मिळाले असते? जें यंत्र सुरू होत नाहीं पण ज्याचा मजकूर शाबूत आहे, तें, जें झटकन् सुरू होतें आणि आंत रिकामें आहे, त्याहून शतपटीनें बरें. आपल्या कित्येक जुन्या घरांत मोडी कागदांचीं दप्तरें वाळवी न लागतां टिकलीं आहेत आणि घरांत तीं वाचणारा कोणी नाहीं. म्हणून तीं कोणी बंबांत घालावीं काय? टिकविणें हा पहिला धर्म आहेच. प्रश्न एवढाच कीं तेथें धर्म संपतो काय.

आणि हा प्रश्न खरोखर नीतीचा आहे. कारण बॅकअप घेणारा मनुष्य पुष्कळदां दुसऱ्याच्या वस्तूचा राखणदार असतो. पेढीचे हिशेब, रुग्णांचीं टिपणें, विद्यार्थ्यांचे गुण, हीं त्याच्या स्वाधीन असतात. वेळ आल्यावर त्यानें सगळीं अक्षरें परत केलीं, पण यंत्र सुरू झालें नाहीं, तर त्यानें आपलें वचन पाळलें असें म्हणावें काय?

ज्या ग्रंथाचें १९२७ सालीं महाड येथें दहन झालें, आणि तें कां झालें हें महाराष्ट्रास सांगावयास नको, त्या मनुस्मृतींत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्या ग्रंथाचा मोठा भाग आज कोणा विचारी माणसानें पत्करण्यासारखा नाहीं. पण देण्याघेण्याच्या कज्जांत जुन्या लोकांची नजर बारीक होती, आणि तेथें एक भेद असा केलेला आहे कीं तो आम्हांस फार उपयोगाचा वाटतो. निक्षेप, म्हणजे विश्वासानें सोंपविलेली ठेव, हें एक पद. आणि जनावरांचा धनी व गुराखी ह्यांचा तंटा हें अगदीं वेगळें पद. मोहोर लावून दिलेली ठेव राखणाऱ्यानें मोहोर न फोडतां आणि आंतलें कांहीं न घेतां परत केली कीं त्याच्याकडे दोष नाहीं. आंत काय होतें, तें कुजलें कीं गंजलें, हें पाहणें त्याचें काम नव्हे. गुराख्याचें तसें नाहीं. जनावर त्याच्या निष्काळजीपणानें हरवलें, त्यास कुत्र्यांनीं फाडलें, तें अडचणीच्या जागीं मेलें, तर भरपाई त्यानें करावयाची. तें आपल्या मरणानें मेलें तर त्याचे कान, कातडें, शेंपटी वगैरे धन्यास आणून दाखवावयाचीं. आणि चोरांनीं तें ओढून नेलें असतां त्यानें आरडाओरड केली व योग्य ठिकाणीं, योग्य वेळीं धन्यास कळविलें, तर तो सुटला.

आतां संगणकावरील मजकूर ही मोहोरबंद ठेव समजावी कीं गाय समजावी? प्रत घेणारे बहुतेक सगळे तिला ठेव समजतात. चेकसम ही त्यांची मोहोर. ती जुळली कीं ते निर्धास्त. पण धन्याच्या मनांत ती गाय असते. त्यास सकाळीं दूध काढावयाचें असतें. गाईचे सर्व अवयव मोजून परत करणारा गुराखी त्यास काय उपयोगाचा? आमच्या मतें ह्या कज्जांत धन्याची बाजू खरी आहे, कारण त्यानें जें सोंपविलें तें अक्षरांसाठीं सोंपविलेलें नव्हतें. उद्यांचें काम उद्यां करतां यावें म्हणून सोंपविलें होतें. एवढें मान्य केलें म्हणजे राखणदाराचें कर्तव्य एकदम वाढतें. ठेवीची मोहोर दुरूनहि पाहतां येते. गाय जिवंत आहे हें पाहण्यासाठीं गोठ्यांत जावें लागतें. म्हणजे बॅकअप आहे एवढें पाहून भागत नाहीं. एखादी रिकामी डिस्क घेऊन, तिच्यावर तो उतरवून, त्यावरून यंत्र खरोखर उठतें कीं नाहीं हें अधूनमधून करून पाहावें लागतें.

हें फार थोडे लोक करितात. वेळ जातो, डिस्क लागते, आणि परीक्षा यशस्वी झाली तर कोणी शाबासकी देत नाहीं, कारण कांहीं घडलेलेंच नसतें. ही कारणें खरीं आहेत. पण ह्यांच्याहि खालीं एक कारण आहे असा आमचा समज आहे. न तपासलेला बॅकअप मनुष्यास फार सुख देतो. तो आहे एवढ्यावर रात्रीं झोंप लागते. तपासला तर तो खोटा ठरण्याचा संभव उत्पन्न होतो, आणि झोंप विकत घेऊन संशय पदरांत बांधण्याची बुद्धि कोणास होत नाहीं. वैद्याकडे जाण्याचें टाळणाऱ्या मनुष्याचें आणि ह्या राखणदाराचें मन एकाच जातीचें. फरक एवढाच कीं पहिला स्वतःच्या जिवावर उदार होतो, दुसरा दुसऱ्याच्या.

गिटलॅब नांवाच्या, प्रोग्राम लिहिणाऱ्यांचें काम सांभाळणाऱ्या संस्थेंत ता. ३१ जानेवारी १९१७ नव्हे, तर ता. ३१ जानेवारी २०१७ रोजीं (कारण प्रकार शंभर वर्षांपूर्वींच्या कोणत्याहि कचेरींत शोभण्यासारखा आहे) एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं चूक ध्यानांत येईपर्यंत साडेचारच शिल्लक राहिले. बॅकअपच्या सोयी एक सोडून अनेक होत्या. नित्याचा बॅकअप पाहावयास गेले तों ती जागा रिकामी. डेटाबेसची आवृत्ति एक आणि प्रत घेणाऱ्या प्रोग्रामाची दुसरी, म्हणून तो कित्येक दिवस निमूटपणें फसत होता. फसल्याची सूचना देणारीं टपालें निघत होतीं, पण तीं वाटेंतच नाकारलीं जात होतीं. शेवटीं उपयोगी पडली ती सुमारें सहा तासांपूर्वीं एका कर्मचाऱ्यानें दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत. मधल्या सहा तासांचें लोकांचें काम गेलें. पण ह्या मंडळींनीं एक गोष्ट अशी केली कीं तिच्याबद्दल त्यांचें नांव येथें आदरानें घ्यावयास पाहिजे. दुरुस्ती चालू असतां ती त्यांनीं जगास उघड दाखविली, आणि काय चुकलें ह्याची साद्यंत हकीगत पुढें प्रसिद्ध केली. गुराखी निष्काळजी खरा. पण त्यानें आरडाओरड केली, योग्य वेळीं कळविलें, आणि कान, कातडें, शेंपटी धन्यापुढें आणून ठेविली.

ह्यावर शहाणे लोक एक पर्याय सुचवितात, आणि तो सोडून देण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, मजकूर तेवढा जपा. यंत्राची प्रणाली जपण्याची दगदग कशास? ती नव्यानें बसवावी, आणि ती कशी बसवावयाची ह्याची कृति लिहून ठेवावी म्हणजे झालें. मोठ्या कारखान्यांत हल्लीं असेंच करितात, आणि तें आम्हांस पटतें. परंतु त्यांत प्रश्न सुटत नाहीं, सरकतो. आतां कृति हीच गाय झाली. ती कृति वाचून कोणी परक्यानें यंत्र उभें केलें आहे काय? शिवाय कुलपाची गोष्ट राहतेच. बिटलॉकरसारख्या सोयीनें डिस्क कुलूपबंद केलेली असली म्हणजे तिची किल्ली मदरबोर्डावरील चिपेंत राहते. बोर्ड बदलला कीं ती चिप किल्ली देत नाहीं, आणि यंत्र ४८ आंकड्यांचा एक क्रमांक मागतें. हा क्रमांक त्याच कुलूपबंद डिस्कवरच्या फाइलींत मोठ्या काळजीनें लिहून ठेवणारे लोक पुष्कळ आहेत.

आणि सुरू न होणें ही किरकोळ गोष्ट आहे असें ज्यांस अजून वाटत असेल त्यांनीं ता. १९ जुलै २०२४ हा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक नांवाच्या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामाची एक सदोष फाइल त्या दिवशीं जगभर गेली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लक्ष यंत्रें सुरू होतांच कोसळूं लागलीं. त्यांतील मजकूर जेथल्या तेथें होता. तरी विमानें उडालीं नाहींत, रुग्णालयांतील कामें खोळंबलीं. इलाज एक फाइल पुसण्याचा. पण जें यंत्र उठतच नाहीं त्यास दुरून आज्ञा कशी करणार? माणसांस एकेका यंत्रापुढें बसून तें करावें लागलें, आणि पुष्कळ ठिकाणीं वर सांगितलेला ४८ आंकड्यांचा क्रमांक शोधण्यांतच दिवस गेला.

असें न उठणारें यंत्र पुढें आलें असतां जाणता कारागीर काय करितो, हें पाहण्यासारखें आहे. प्रथम तो कांहींच करीत नाहीं. पडद्यावरचा संदेश वाचतो. फर्मवेअरला डिस्क दिसते काय, दिसत असल्यास आरंभाचा प्रोग्राम सांपडतो काय, तो सांपडल्यास प्रणाली चढतांना कोठें अडखळते, असे प्रश्न तो क्रमानें विचारतो, म्हणजे कोणत्या खांद्यावरून घसरण झाली तें कळतें. मग तो पेनड्राइव्हवर असलेली दुसरी, धडधाकट प्रणाली लावून यंत्र तिच्यावरून सुरू करितो. ही जागी असलेली प्रणाली झोंपलेलीच्या घरांत शिरते, थोडा वेळ तें घर आपलेंच मानते, नव्या विभागाचा क्रमांक वाचते, कागदपत्रांत जुन्याच्या जागीं तो लिहिते, आरंभाचा प्रोग्राम पुन्हां बसविते आणि निघून जाते. सबंध डिस्क भरून मजकूर परत आणण्यास लागलेले तास एकीकडे, आणि हीं ३६ अक्षरें दुसरीकडे!

उतावळ्याची रीत निराळी. तो दहा गोष्टी एकदम बदलतो. यंत्र सुरू झालें तरी तें कशानें झालें हें त्यास कळत नाहीं, आणि न झालें तर दहा नवीं कोडीं उत्पन्न होतात. किंवा तोच बॅकअप पुन्हां उतरवितो, आणि तीच ओळ पुन्हां पाहतो. किंवा संतापून सगळें पुसून नव्यानें मांडावयास बसतो, आणि त्या भरांत कधीं कधीं शाबूत असलेला मजकूरहि पुसतो. हा शेवटचा उतावळेपणा संगणकापुरताच आहे असें नाहीं; जुन्या संस्था चालेनाशा झाल्या म्हणजे त्यांचे सुधारकहि पुष्कळदां असेंच वागतात. पण तो विषय निराळा आहे.

नीट दुरुस्त झालेलें यंत्र अखेर सुरू होतें तेव्हां त्यांत एक चमत्कार दिसतो. त्याचें घड्याळ बरोबर असतें, कारण तें मदरबोर्डावरील लहानशा बॅटरीवर चालतें. डिस्क गेली त्या दिवसांतहि तें थांबलेलें नव्हतें. बाकीचें सर्व मात्र ज्या दिवशीं बॅकअप घेतला त्या दिवशीं थांबलेलें असतें. त्यानंतर लिहिलेलीं पानें तेथें नाहींत, आणि तीं नाहींत हें त्या यंत्रास ठाऊक नाहीं. तें मालकासच ठाऊक. घड्याळाकडे पाहून यंत्र हिशेब करितें, आणि मधल्या दिवसांत येऊन गेलेल्या भेटींच्या, देण्यांच्या, वाढदिवसांच्या आठवणी एकामागून एक पडद्यावर देऊं लागतें. मालक त्या एकेक करून मिटवीत बसतो.